एक्स-रेच्या चिठ्ठीतली रिकामी ओळ

मनगटाच्या एक्स-रेच्या दोन चिठ्ठ्या. पहिलीवर रुग्णाचं नाव, वय, त्याखाली ‘एक्स-रे रिस्ट’ आणि कारणाच्या जागी ‘पेन’. मनगट उजवं की डावं, तेही नाही. दुसरीवरचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा: उजवं मनगट, काल संध्याकाळी दुचाकी घसरली, पडताना हात टेकला, अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दाबलं की कळवळतो, स्कॅफॉइड मोडलंय का? दुसरी चिठ्ठी लिहिणाऱ्याला पहिलीपेक्षा फार तर अर्धं मिनिट जास्त लागलं असेल.

त्या अर्ध्या मिनिटाने पुढचं सगळं बदलतं. स्कॅफॉइड हे मनगटातलं काजूएवढं हाड. नेहमीच्या दोन फिल्मांत त्याची चीर बरेचदा लपते. चिठ्ठीत त्याचं नाव असलं की टेक्निशियन मनगट करंगळीकडे वळवून जादा फिल्म काढतो, रेडिओलॉजिस्ट म्हणून रिपोर्ट करताना मी त्या एका हाडावर नजर रोखतो, आणि काहीच दिसलं नाही तरी लिहितो, की ही चीर पहिल्या दिवशी न दिसणं नवं नाही, हात आधारात ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा पाहावं. पहिल्या चिठ्ठीवर दोनच फिल्मा निघतात, ‘हाड मोडल्याचं दिसत नाही’ असा रिपोर्ट जातो आणि रुग्ण मलम चोळत कामाला लागतो. या हाडाला रक्त एकाच बाजूने मिळतं. चीर राहून गेली तर पलीकडचा तुकडा रक्तावाचून मरू शकतो, मग मनगट जन्मभर दुखतं.

रुग्णालयांतल्या इमेजिंगच्या मागणीपत्रांवर, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआयच्या चिठ्ठ्यांवर, जगभर पाहण्या झाल्या आहेत, अजूनही होतात. माल्टातली पाहणी २००५ मध्ये छापून आली, लागोसच्या विद्यापीठ रुग्णालयातली २०१२ मध्ये. ब्रिटन, घाना, इथिओपिया, भारत, सगळीकडची रुग्णालयं हे काम करून बसली आहेत. पद्धत साधी असते. काही शे चिठ्ठ्या घ्यायच्या, त्यावरचे रकाने मोजायचे, किती भरले आणि किती कोरे राहिले त्याचा तक्ता करायचा. देश बदलतो, यंत्रं बदलतात, तक्ता मात्र ओळखीचा निघतो. नाव जवळपास प्रत्येक चिठ्ठीवर असतं. वय आणि लिंग बहुतेकांवर. कुठल्या भागाची तपासणी हवी, तेही असतं, कारण त्याशिवाय खिडकीवर चिठ्ठी घेतच नाहीत. तिथून खाली उतरावं तशी शाई आटत जाते. आधीच्या तपासण्या, आधीची ऑपरेशनं, औषधाची अॅलर्जी, बाईची शेवटच्या पाळीची तारीख, पाठवणाऱ्या डॉक्टरचा फोन, हे रकाने सगळ्यात कोरे. कारणाच्या रकान्यात काहीतरी असतं, पण बरेचदा एकच शब्द असतो.

या पाहण्या वाचताना मला एक गोष्ट सतत खटकत आली आहे. त्या रकाने मोजतात, अर्थ मोजत नाहीत. कारणाच्या जागी ‘पेन’ लिहिलेली चिठ्ठी तक्त्यात ‘भरलेली’ म्हणून जाते. पत्ता कोरा ठेवून ‘तीन आठवडे ताप, वजन घटलं, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात घरघर, टीबीची शंका’ असं लिहिणारी चिठ्ठी ‘अपुरी’ ठरते. मला विचाराल तर दुसरीच पूर्ण. २०२५ मध्ये ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात स्टॅनफर्डच्या मंडळींचा एक अभ्यास आला, त्यात ही चूक सुधारलेली दिसते. त्यांनी रकाने सोडून मजकूर पाहिला आणि पाच गोष्टी शोधल्या: काय होतंय, कधीपासून, कुठे, पूर्वीचं काय, आणि पाठवणाऱ्याला शंका कशाची. आपत्कालीन विभागातल्या हजारो मागण्या संगणकाकडून वाचून घेतल्यावर पाचही गोष्टी सुमारे चौथाई मागण्यांतच सापडल्या. अमेरिकेतलं नावाजलेलं रुग्णालय, प्रत्येक मागणी संगणकावरून जाते, तिथली ही अवस्था. आपल्याकडे हाताने लिहितात म्हणून असं होतं, ही समजूत त्यामुळे गळून पडते.

आता मूळ प्रश्न. चिठ्ठी कोरी असली तर खरंच काही बिघडतं का? फिल्म तर तीच असते.

फिल्म वाचणं हे डोळ्यांचं काम आहे तितकंच मनाचं. अमेरिकेतल्या हेन्री गार्लंड यांनी १९४९ मध्ये आपल्याच व्यवसायापुढे एक अप्रिय सत्य मांडलं, की अनुभवी वाचकही छातीच्या दोष असलेल्या फिल्मांपैकी जवळपास तीस टक्के निसटू देतात. तेव्हापासून या विषयावर भरपूर काम झालं. आयोवाच्या केव्हिन बर्बाउम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की दुखतंय नेमकं कुठे हे सांगितलं तर मोडलेलं हाड सापडण्याचं प्रमाण वाढतं. सिडनीच्या लॉय आणि अर्विग यांनी २००४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून ‘जामा’ या नियतकालिकात लिहिलं, की रुग्णाची माहिती हाताशी असताना वाचन सुधारतं. जास्त दोष सापडतात, आणि त्यापायी निरोग्यांना रोगी ठरवण्याचं प्रमाण वाढत नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेला आढावाही याच दिशेला जातो.

विरुद्ध बाजूही प्रामाणिक आहे. बॉस्टनचे बालरेडिओलॉजिस्ट थॉर्न ग्रिस्कम यांनी २००२ मध्ये सुचवलं, की आधी फिल्म पाहावी, मग चिठ्ठी वाचावी. चिठ्ठीत ‘न्युमोनिया’ दिसला की डोळा न्युमोनिया शोधतो आणि बरगडीतली गाठ राहून जाते, ही भीती खरी आहे. मी स्वतः बरीच वर्षं तसंच करत आलो. पण नीट पाहिलं तर ग्रिस्कम चिठ्ठी टाकून द्या म्हणत नाहीत, क्रम बदला म्हणतात. दुसऱ्यांदा पाहण्यासाठी चिठ्ठीत काहीतरी लिहिलेलं असावं लागतं.

आणि ही सगळी चर्चा फिल्म निघाल्यानंतरची. सीटी-एमआरआयमध्ये चिठ्ठीचा खरा परिणाम त्याच्याही आधी होतो. तो परिणाम पाहण्यांच्या तक्त्यांत दिसत नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. ‘सीटी अॅब्डोमेन’ ही एक तपासणी नाही. मूतखडा पाहायचा तर शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध न देता स्कॅन करावा लागतो, कारण मूत्रमार्गात उतरलेलं कॉन्ट्रास्ट खड्यासारखंच पांढरं दिसतं आणि खडा त्यात बुडून जातो. यकृतातली गाठ कसली आहे ते कळायला कॉन्ट्रास्ट देऊन ठरावीक सेकंदांनी पुन्हा पुन्हा स्कॅन करावा लागतो, कारण गाठ उजळते कधी आणि विझते कधी, त्यातच तिचं निदान असतं. फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी असल्याची शंका असेल तर कॉन्ट्रास्ट त्या नळीत भरलेलं असतानाचे मोजके क्षण पकडावे लागतात. हे क्षण मागाहून परत आणता येत नाहीत. चिठ्ठीत नुसतं ‘सीटी चेस्ट’ असेल, साधा स्कॅन झाला आणि संध्याकाळी फोनवर कळलं की शंका गुठळीची होती, तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. दुसऱ्यांदा पैसे आणि दुसऱ्यांदा किरण. छातीचा साधा एक्स-रे एक मिलिसिव्हर्टच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी किरण देतो. पोटाचा सीटी आठ-दहा मिलिसिव्हर्टच्या घरात जातो. जगाच्या पाठीवर माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे चुकीच्या प्रश्नावर काढलेला एक सीटी तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढा पडतो.

सोनोग्राफीत किरणांचा प्रश्न नाही, म्हणून तिची चिठ्ठी आणखी ढिली असते. ‘यूएसजी पेल्व्हिस’, बस. गर्भाशयाचं अस्तर बारा मिलिमीटर मोजलं. हे ठीक आहे का? पाळी चालू असलेल्या बाईच्या बाविसाव्या दिवशी अगदी ठीक. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या आणि पुन्हा रक्तस्राव सुरू झालेल्या बाईत मात्र चार मिलिमीटरच्या वर अस्तर गेलं की कर्करोग नाही ना, हे तपासावंच लागतं. तोच आकडा एकीला घरी पाठवतो आणि दुसरीला बायोप्सीला. पाळीची तारीख गर्भाला किरण लागू नयेत म्हणून विचारतात, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. रिपोर्टचा अर्थसुद्धा तिच्यावर अवलंबून असतो, हे फार कमी जण लक्षात घेतात.

टीबीचं उदाहरण आपल्या मातीतलं. आपल्या चिठ्ठ्यांवर तो ‘कॉक्स’ नावाने येतो, ‘आर/ओ कॉक्स’, म्हणजे टीबी नाही ना ते पाहा. फुप्फुसाच्या टोकाशी डाग दिसतो. तो आठ वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण आहे की आत्ता पेटलेला आजार? जुनी फिल्म नसेल, पूर्वी औषधं घेतल्याचा उल्लेख नसेल, तर एका फिल्मवरून ते ठरवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यात तो माणूस दगडखाणीत किंवा क्रशरवर काम करणारा असेल तर सिलिकोसिसही तसाच दिसू शकतो आणि टीबीच्या जोडीनेही राहतो. व्यवसायाचा रकाना मी अनेक छापील फॉर्मांवर पाहिला आहे. भरलेला पाहिल्याचे प्रसंग बोटांवर मोजता येतील.

मग आम्ही काय करतो? रिपोर्टच्या शेवटी लिहितो: ‘क्लिनिकली कोरिलेट करावे.’ या वाक्यावरून डॉक्टर मंडळी आमच्यावर चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. रुग्णाला त्यातून काहीच मिळत नाही. पण चिठ्ठीतली जी ओळ कोरी राहिली, तीच या वाक्याच्या रूपाने परत गेलेली असते. तुम्ही प्रश्न विचारला नाहीत, मी उत्तर दिलं नाही. मधल्या मध्ये रुग्णाचे दोन दिवस गेले आणि खिसा रिकामा झाला.

सुरक्षेच्या रकान्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद नाही. आयोडीनच्या कॉन्ट्रास्टला पूर्वी रिअॅक्शन आली असेल तर पुन्हा येण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडं खूपच अधू असतील तर कॉन्ट्रास्टचा आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळ्यांचा वेगळा विचार करावा लागतो. पेसमेकर, मेंदूतल्या रोहिणीवरची जुनी क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, ग्राइंडिंग करताना डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, हे एमआरआयच्या चुंबकापुढे जाण्याआधी कळलंच पाहिजे. चांगल्या केंद्रांत टेक्निशियन आणि सिस्टर हे सगळं रुग्णाला नव्याने विचारतात, म्हणून अपघात टळतात. चिठ्ठीच्या भरवशावर कुणी राहत नाही. चिठ्ठीवरचा विश्वास किती उडाला आहे, ते यावरून कळावं.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर ब्रिटनची मांडणी सगळ्यात स्पष्ट आहे. तिथल्या आयआर(एमई)आर नियमावलीने, आधी २००० च्या आणि मग २०१७ च्या, पाठवणाऱ्या डॉक्टरवर कर्तव्यच टाकलं आहे: किरण देणं योग्य आहे की नाही हे ठरवता येईल इतकी वैद्यकीय माहिती त्याने पुरवली पाहिजे. ठरवणारा माणूस वेगळा असतो आणि माहिती अपुरी वाटली तर तो मागणी परत पाठवू शकतो. चिठ्ठी म्हणजे हुकूम नव्हे, विनंती आहे, हा विचार या नियमांच्या मुळाशी आहे. कुठल्या तक्रारीला कुठली तपासणी योग्य, याची मार्गदर्शिका तिथलं रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्स १९८९ पासून काढत आलं आहे, आणि अमेरिकेत तसंच काम अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये सुरू केलं. अमेरिकेने पुढे जाऊन २०१४ च्या कायद्यात अट घातली, की मेडिकेअर या सरकारी विम्याच्या रुग्णाला सीटी-एमआरआय सांगताना डॉक्टरने संगणकावरच्या सल्ला-प्रणालीतून जावं. ते काही रुळलं नाही. अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली गेली आणि २०२४ पासून त्याचे नियमच मागे घेतले गेले.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ एक्स-रे यंत्राचा परवाना, खोलीची रचना, भिंतींची जाडी, चालवणाऱ्याची पात्रता या गोष्टींवर लक्ष ठेवतं, आणि ते काम गरजेचंच आहे. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मात्र आजवरच्या माझ्या नोकरीत कुणी येऊन तपासलं नाही. एका प्रकारची चिठ्ठी सोडून.

ती गर्भवतीच्या सोनोग्राफीची. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये केला. देशाचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यातून आलेला ‘एफ फॉर्म’ इकडच्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्राला पाठ आहे. बाईचं नाव, पत्ता, आधीची मुलं, पाळीची तारीख किंवा गर्भाचे आठवडे, कुणी पाठवलं त्या डॉक्टरचं पूर्ण नाव आणि पत्ता, आणि तपासणी कशासाठी त्याची तेवीस कारणांची यादी. पाठवणाऱ्याची चिठ्ठी जोडून जपायची, दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल द्यायचा. नोंदीत उणीव किंवा चूक सापडली तर, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा मोडला असंच धरलं जातं. या तरतुदीविरुद्ध स्त्रीरोगतज्ज्ञांची देशव्यापी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ३ मे २०१९ च्या निकालात न्यायालयाने तरतूद कायम ठेवली आणि नोंदी न ठेवणं ही नुसती कारकुनी चूक मानायला नकार दिला. त्याआधी, २०१६ च्या सप्टेंबरात, रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने याच फॉर्मांच्या कारणावरून देशभर संप पुकारला होता.

त्या संपाच्या वेळी माझ्या सहकाऱ्यांचा संताप मी जवळून पाहिला. पत्त्यातली एक त्रुटी आणि लिंग सांगण्याचा गुन्हा एका मापाने मोजू नका, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. पण मुली जन्मायच्या आधीच नाहीशा होत होत्या, महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, आणि कोऱ्या नोंदी ही ते लपवायची जागा होती, हेही तितकंच खरं. आपल्या विषयापुरतं त्यातून जे दिसतं ते मोलाचं आहे. आपल्या देशात इमेजिंगचा फॉर्म शंभर टक्के भरला जाऊ शकतो. त्याच दवाखान्यांत, त्याच गर्दीत, त्याच माणसांकडून. ‘वेळ नाही’ हे कारण एफ फॉर्मने खोटं पाडलं आहे.

तरीही सगळ्या चिठ्ठ्यांना एफ फॉर्म करा, असं मी म्हणणार नाही. धाकाने रकाने भरतात, प्रश्न भरत नाही. तेवीस कारणांपैकी ठरावीक एक-दोन कारणांवर खूण करायची सवय केंद्रांना लागली. पाठवणाऱ्या डॉक्टरला नेमकं काय हवंय, बाळाची वाढ खुंटलीय का, वार खाली आहे का, हे अजूनही फोन करूनच कळतं. तुरुंगाच्या भीतीने जो फॉर्म भरला जातो तो तपासनिसासाठी भरला जातो. फिल्म वाचणाऱ्याची आठवण तो भरताना कुणाला होत नाही.

चिठ्ठ्या अशा का होतात, याची उत्तरं वॉर्डात मिळतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात तपासणी ठरवणारा एक आणि चिठ्ठी लिहिणारा दुसरा असतो. राउंडला सर म्हणतात, ‘याचा सीटी करून घ्या.’ का, ते त्यांच्या डोक्यात असतं, रेसिडेंटच्या अर्धवट लक्षात असतं, आणि रात्री अकराला दहा चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन बसलेल्या इंटर्नला माहीतच नसतं. तो केसपेपर चाळतो, पहिल्या पानावरचं निदान उतरवतो. चिठ्ठी वॉर्डबॉय मामांच्या हातात जाते, मामा खिडकीवर ठेवतात. हा इंटर्न तीन महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी अशीच चिठ्ठी लिहायला शिकला. एमबीबीएसच्या वर्षांत चिठ्ठी कशी लिहावी, हे कुणी तासभर बसून शिकवल्याचं मला आठवत नाही, आणि मीही माझ्या विद्यार्थ्यांना ते उशिरा शिकवायला लागलो. त्याची खंत आहे.

खासगी जगात कारणं निराळी. तिथे चिठ्ठीचं पॅडच बरेचदा तपासणी केंद्राने छापून दिलेलं असतं. वर केंद्राचं नाव, यंत्राची ताकद, पत्ता, नकाशा. मधे तपासण्यांची यादी आणि खुणेचे चौकोन. तळाला ‘हिस्टरी’साठी दोन टिंबांच्या ओळी. कागदच सांगतो की खूण करा आणि पाठवा. हात कागदाचं ऐकतो. तपासण्यांची यादी मागच्या बाजूला ढकलून पुढचं अर्धं पान मोकळं ठेवलं तर लोक जास्त लिहितील, याची मला खात्री आहे.

एक कारण आपण उघड बोलत नाही. चिठ्ठी रुग्ण स्वतः नेतो. नातेवाईक ती वाचतात, औषधाच्या दुकानात अर्थ विचारतात. कॅन्सरची शंका कागदावर लिहायला डॉक्टरचा हात धजत नाही. म्हणून ‘एसओएल’, ‘मायटोटिक’ असे आडपडद्याचे शब्द येतात. एचआयव्हीच्या बाबतीत तर गोपनीयता हा कायदेशीर हक्क आहे, २०१७ च्या कायद्याने दिलेला. पण एचआयव्ही असलेल्या माणसाच्या छातीतला डाग आणि नसलेल्याच्या छातीतला डाग यांचा अर्थ वेगळा लागतो. बंद पाकीट, किंवा डॉक्टर-डॉक्टरांतला फोन, हे जुने उपाय अजूनही चांगले आहेत. आणि शेवटचं कारण सगळ्यात कडू. काही तपासण्या कमिशनसाठी सांगितल्या जातात. कट प्रॅक्टिसला वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत बंदी आहे, ती थांबवायला महाराष्ट्रात २०१७ मध्ये वेगळ्या कायद्याचा मसुदाही झाला. ज्या तपासणीला वैद्यकीय कारणच नाही, तिच्या चिठ्ठीत कारण येणार कुठून? म्हणून मला वाटतं, कारणाची सक्तीने भरायची एक ओळ डॉक्टरांपेक्षा रुग्णाचं रक्षण जास्त करेल.

उपायांचा अनुभवही जगभर सारखाच आहे. पाहणी होते, निकाल भिंतीवर लागतो, व्याख्यान होतं, दोन महिने चिठ्ठ्या सुधारतात. मग तुकडी बदलते, नवे इंटर्न येतात, चिठ्ठ्या मूळ पदावर. अपुरी चिठ्ठी परत पाठवण्याचा नियम कडकपणे पाळला तर फरक पडतो, पण आपल्याकडे ‘परत पाठवणं’ म्हणजे काय ते सांगतो: साठीची बाई, गुडघे धरलेली, तीन मजले उतरून रांगेत उभी राहिलेली, तिला पुन्हा वर पाठवायचं. मी ते एकदा केलं आणि परत कधी केलं नाही. चूक तिची नव्हती.

संगणकाने प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. ‘हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ असं केलं, की लोक तिथे टिंब टाकतात, ‘एनए’ लिहितात, किंवा यादीतला पहिला पर्याय निवडतात. कागदावरची कोरी जागा निदान खरी तरी होती. संगणकाने आणखी एक गोष्ट नेली. माझे शिक्षक सांगायचे, की फिल्म ओली असताना सर्जन डार्करूमच्या दारात येऊन उभा राहायचा आणि दोघं मिळून ती उजेडासमोर धरायचे. चिठ्ठीत नसलेलं सगळं त्या दोन मिनिटांत बोललं जायचं. आता फिल्म त्याच्या वॉर्डातल्या पडद्यावर उमटते, त्याला खाली यावं लागत नाही. संवादाची जी जागा गेली तिचा सगळा भार चिठ्ठीवर आला, आणि नेमकी त्याच काळात चिठ्ठी एका शब्दाची झाली. संगणक जिथे उपयोगी पडेल ते काम वेगळं आहे. केसपेपर डिजिटल असेल तर जुनं निदान, ऑपरेशनं, क्रिएटिनिन, आधीचे रिपोर्ट त्याने आपणहून चिठ्ठीला जोडावेत. माणसाने ते पुन्हा लिहायला नको. माणसाकडून फक्त तेच मागावं जे त्याच्याच डोक्यात आहे: शंका कशाची, आणि उत्तर आल्यावर तुम्ही काय करणार.

आमच्याकडे गेली काही वर्षं एक साधी गोष्ट चालू आहे. टेक्निशियन रुग्णाला टेबलावर घेण्याआधी विचारतो, ‘मावशी, कुठे दुखतंय? एका बोटाने दाखवा.’ दाखवलेल्या जागेवर शिशाची बारीक गोळी चिकटवतो, म्हणजे फिल्मवर ती जागा मला दिसते. मग कधीपासून, पडलात का, आधी ऑपरेशन झालंय का, पिशवीत जुन्या फिल्मा आहेत का, एवढं विचारून चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहितो. जुन्या फिल्मा बहुतेकांच्या पिशवीत असतात. घडी पडलेल्या, दमट, पण असतात. आजवर त्या कुणी मागितल्या नव्हत्या, म्हणून बाहेर आल्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट मी माझ्या रिपोर्टवर केली. सगळ्यात वर, निष्कर्षाच्याही आधी, एक ओळ छापतो: ‘विचारलेला प्रश्न’. चिठ्ठीत जे असेल ते जसंच्या तसं तिथे जातं. ‘पेन’ असेल तर ‘पेन’. काही नसेल तर जागा कोरी. खाली माझा फोन नंबर. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. मग एक दिवस अस्थिरोग विभागातल्या एका रेसिडेंटचा फोन आला. रिपोर्टवरची कोरी जागा राउंडला सरांनी सगळ्यांसमोर वाचली होती. पोरगी हिरमुसली होती. मी तिला म्हटलं, चिठ्ठी घेऊन खाली ये, आपण दोघं मिळून पाहू. ती आली, पेशंटची हकीकत तोंडी सांगितली, आम्ही तो एक्स-रे पुन्हा लावला आणि घोट्याच्या मागच्या बाजूला, जिथे मी पहिल्यांदा पाहिलं नव्हतं, तिथे एक केसाएवढी चीर निघाली. रिपोर्ट मी तिच्यासमोरच बदलला. तिने खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीवरच्या कोऱ्या ओळीत, तारीख घालून, प्रश्न लिहिला.